खेप

गफूरभाई विचारतो, "काय बघून आलाव साहेब एवढं?"
टँकरचा कॉक अजून ठिबकतोय,
वहीत मी तिसरी खेप लिहितोय,
तेरच्या पांढरीवर ऊन उभं.

"बेट बघितलं," मी म्हणतो. "चहूबाजूनं पाणी."
"मग मज्जाच हाय की त्येंची."
"प्यायला नाही."

आठ दिवस होतो प्रज्ञाकडे.
ती तिथं फुटकी मडकी जोडते
आणि त्याचे पैसे मिळतात,
हे तिच्या आईला अजून खरं वाटत नाही.
बेट म्हणजे केवढं?
येडशीचा डोंगर समुद्रात बुडवला
आणि माथा तेवढा वर ठेवला, एवढं.
तीनशे घरं. पावणेदोनशेंना कुलपं.
माणसं मेलबर्नला,
किल्ल्या कॉफीच्या दुकानात, खिळ्यांवर,
खाली खडूनं नावं.
कल्योपी नावाची बाई, ऐंशी पार,
रोज एक किल्ली तेल लावून पुसते.
कुलूप गंजू दे, म्हणते, किल्ली नको.

इतिहास तिनंच सांगितला,
पोरीनं अर्धामुर्धा मराठीत आणला.
प्रत्येक घराखाली हौद,
पागोळीचा थेंब वाया जायचा नाही.
सोयरीक जुळवताना आधी हौदात काठी सोडायचे,
धाकटीला हुंड्यात रोजच्या सहा बादल्या, लेखी.
चर्चच्या वहीत जन्म, मृत्यू,
आणि दोहोंच्या मध्ये पावसाचा रकाना.
मी त्यावरून बोट फिरवलं.
अक्षर कळेना. कोरी जागा कळली.
एकाखाली एक, तीन कोऱ्या.
पुढच्या पानावर नावंच निम्मी.

आणि एका दारावर दुसऱ्याच लिपीतली ओळ,
उजवीकडून डावीकडे.
एका हिवाळ्यात सरकारांनी आपसात ठरवलं,
त्या लिपीची माणसं जहाजात बसवली,
त्याच जहाजांतून पलीकडची उतरवली.
कल्योपीची आई तेव्हा कडेवर.
सामानात फडक्यात बांधलेला आंबवलेल्या कणकेचा गोळा, बाकी काही नाही.
घर दाखवलं गेलं, आत शिरले.
हौद काठोकाठ होता.
जाणाऱ्यांनी झाकण लावून ठेवलं होतं.

गफूरभाई कॉक आवळतो. ठिबक थांबत नाही.
त्याच्या आज्यानं अठ्ठेचाळीस साली
कुठल्या गावच्या कुठल्या रांजणावर झाकण ठेवलं,
हे मी त्याला वीस वर्षांत विचारलेलं नाही.
आजही नाही.

मग म्युझियम. म्युझियम कसलं,
शाळेची एक खोली, पंखा बंद.
काचेखाली एक मणी, हरभऱ्याएवढा,
विस्तवाच्या रंगाचा, आरपार भोक.
चिठ्ठीवर लिहिलेलं: पूर्वेकडून. गाव माहीत नाही.

पाऊस पडून गेला की आम्ही पोरं
पांढरीवर असलेच मणी वेचायचो.
दहा मण्यांना एक काचेची गोटी,
आणि वाटायचं आपण फसवलं.

प्रज्ञा म्हणाली, "बाबा, असे मणी कुठंही सापडतात.
लगेच आपला म्हणू नका."
शिकलेली आहे, बरोबर असेल.
मी तरी शेऱ्याच्या वहीत सहीशेजारी
दोन अक्षरं लिहून आलो: तेर.
वाचणारं तिथं कोणी नाही.

गफूरभाई बोटातली अंगठी फिरवतो, अकीकाची, बापाची.
"असाच व्हता?"
"थोडा फिका."
तो अंगठी उन्हात धरतो, फडक्यानं पुसतो,
पुन्हा बोटात चढवतो. सांध्यावर अडते.

"आन् पाण्याचं काय करत्यात मग?"
"जहाज येतं आठवड्याला. पाण्याचं.
धक्क्यावर माणूस उभा असतो, वही घेऊन."
"तुमच्यासारखाच?"
"टोपी होती त्याला."

मी त्याला सलाम केला होता, हे सांगत नाही.
त्यानंही केला, पेन कानावर अडकवून,
मी कोण हे काहीच माहीत नसताना.

बायकांच्या घागरी हलतात,
कोणीतरी कोणाचा तरी नंबर मोडला.
गफूरभाई शिडीवरून वर चढतो,
टाकीत वाकून बघतो, आणि आतूनच,
आवाज घुमवत:
"साहेब, त्या जहाजाला डिझेल कोण देतंय पर?
सरकार का गाववाले?"

हे मात्र मी विचारून आलो नाही.